गोहरींचा दाखला नेमका कशाचा?

१४ जानेवारी २०२६ ला टँजियरमध्ये सेनेगलनं इजिप्तला १-० असं हरवलं, आफ्रिका चषकातली इजिप्तची वाटचाल उपांत्य फेरीत थांबली, आणि एक जुनं भांडण नव्या दमानं सुरू झालं. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक देशी असावा की विदेशी? प्रशिक्षक होसाम हसन यांना हटवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की ज्याच्या गोलसंख्येमागे मोहम्मद सलाह इतकी वर्षं धावतोय तो माणूस खेळाडू म्हणून थोर असेल, पण बाकावर बसून डाव आखणं हे वेगळं काम आहे, त्यासाठी युरोपातून कुणीतरी आणा. त्यांना ठेवा म्हणणारे विचारतात, विदेश्यांनी तरी काय दिवे लावले? आणि दोन्ही बाजू शेवटी एकाच नावाशी येऊन थांबतात : इजिप्तला १९९० च्या विश्वचषकात नेणारे प्रशिक्षक महमूद अल-गोहरी. एकाला गोहरी म्हणजे मातीतला माणूसच संघाला जगात नेतो याचा पुरावा वाटतात, दुसऱ्याला देशी प्रशिक्षक घाबरून शून्य-शून्य खेळतो याचा. माझ्या मते दोघंही दाखला चुकीचा देताहेत. गोहरींच्या कारकिर्दीतून पासपोर्टाबद्दल जवळपास काहीच सिद्ध होत नाही. संघाच्या तयारीचा वेळ कुठून येतो, त्याची किंमत किती आणि ती कोण मोजतं, हे मात्र तिच्याइतकं उघडपणे दुसऱ्या कुठल्याच कारकिर्दीत दिसत नाही.

आधी ‘थोर खेळाडू, म्हणून थोर प्रशिक्षक’ हा धागा तोडून टाकू, कारण तो सगळ्यात कच्चा आहे. गोहरी १९५९ च्या आफ्रिका चषकात सर्वाधिक गोल करणारे खेळाडू होते, हे खरं. पण त्या स्पर्धेत संघ होते तीन, प्रत्येकाच्या वाट्याला सामने दोन, आणि गोहरींचे तिन्ही गोल इथिओपियाविरुद्धच्या एकाच सामन्यातले. पुढे गुडघ्यानं दगा दिला आणि कैरोच्या अल-अहली क्लबातली कारकीर्द लवकर आटोपली. सैन्यात ते संदेशवहन विभागात अधिकारी होते. जेद्दातल्या अल-इत्तिहाद क्लबात त्यांनी डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाच्या हाताखाली सहाय्यक म्हणून काम केलं. हे तेच क्रामर, ज्यांनी बायर्न म्युनिकला १९७५ आणि १९७६ असे लागोपाठ दोन युरोपीय चषक जिंकून दिले. त्यानंतर १९८२ मध्ये अल-अहलीला गोहरींनी पहिला आफ्रिकी क्लब चषक मिळवून दिला आणि १९९३ मध्ये कट्टर वैरी झमालेकलाही तोच चषक जिंकून दिला. दुसरीकडे, १९८३ चा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू महमूद अल-खतीब हा कारागिरीत गोहरींच्या कितीतरी पुढे. तो प्रशिक्षक झालाच नाही. क्लबच्या कारभारात शिरला आणि २०१७ मध्ये अल-अहलीचा अध्यक्ष झाला. हसन शहाता यांनी प्रशिक्षक म्हणून आफ्रिका चषक लागोपाठ तीनदा जिंकला, खेळाडू म्हणून एकदाही नाही. होसाम हसन यांनी खेळाडू म्हणून तो तीनदा उचलला, प्रशिक्षक म्हणून डझनाहून अधिक नेमणुका होऊनही २०२४ पर्यंत त्यांच्या नावावर एकही मोठं विजेतेपद नव्हतं. या चार ओळींतून कुणाला नियम काढता येत असेल तर त्यानं जरूर काढावा.

देशी प्रशिक्षकाच्या बाजूचे मुद्दे मात्र असे झटकता येत नाहीत. इजिप्तनं आफ्रिका चषक सात वेळा जिंकला. त्यांतले पाच देशी प्रशिक्षकांच्या हाताखाली : १९५७ ला मुराद फहमी, १९९८ ला गोहरी, २००६, २००८ आणि २०१० ला शहाता. विदेश्यांच्या वाट्याला दोन : १९५९ ला हंगेरीचे पाल टिटकोस आणि १९८६ ला वेल्सच्या संघाचे माजी प्रशिक्षक माइक स्मिथ. भाषेचा मुद्दाही फुसका नाही. मध्यंतर असतं १५ मिनिटांचं. खेळाडू आत येऊन पाणी पिईपर्यंत आणि परत बोगद्यात उभे राहीपर्यंत बोलायला उरतात पाच-सहा मिनिटं. त्यात दुभाषा आला की निम्मी गेली, आणि आवाजातली धार तर भाषांतरात येतच नाही. तिसरा मुद्दा अधिकाराचा. ७ फेब्रुवारी २००६ ला सेनेगलविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना शहातांनी मिदोला बाहेर बोलावलं. मिदो तेव्हा इंग्लंडमध्ये खेळणारा, देशाचा लाडका. तो मैदानाच्या कडेलाच प्रशिक्षकाच्या अंगावर धावून गेला. शहाता जागचे हलले नाहीत. आत गेलेल्या अम्र झाकीनं पहिल्याच स्पर्शात हेडरनं गोल केला, सामना २-१ असा जिंकला आणि मिदोवर सहा महिन्यांची बंदी आली. आता २०१९ बघा. हाविएर अगिरे हे मेक्सिकन प्रशिक्षक असताना, मायदेशातल्याच स्पर्धेत, एका खेळाडूला गैरवर्तनावरून संघाबाहेर काढलं आणि सहकाऱ्यांच्या दबावापुढे मान तुकवून काही दिवसांत परत घेतलं. संघ उपउपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून हरला. खेळाडूंच्या खोलीत कुणाचा शब्द चालतो याला किंमत आहे, हे मान्यच करावं लागतं.

पण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो पाया, म्हणजे १९९० चा विश्वचषक, जरा खणून बघू या. १९३४ नंतर ५६ वर्षांनी इजिप्त विश्वचषकात पोहोचला. १७ नोव्हेंबर १९८९ ला कैरोत अल्जीरियाविरुद्ध चौथ्या मिनिटाला होसाम हसन यांनीच हेडरनं गोल केला आणि ती १-० ची आघाडी उरलेला सगळा वेळ राखली. इथवर गोष्ट सगळ्यांना पाठ. पुढं काय झालं ते या वादात कुणी काढत नाही. १९८९-९० च्या मोसमात इजिप्तची लीग रद्द झाली, कारण विश्वचषकाची तयारी. देशाच्या विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे नाव नाही. मार्च १९९० मध्ये अल्जीरियात आफ्रिका चषक होता. तिथं दुसऱ्या फळीचा संघ पाठवला आणि तो तिन्ही सामने हरून परत आला. मुख्य संघ महिनोन्‌महिने गोहरींच्या हाताखाली, एखाद्या क्लबासारखा, परदेशांत सराव सामने खेळत फिरला. १६ मे १९९० ला अ‍ॅबर्डीनमध्ये त्यानं स्कॉटलंडला ३-१ असं हरवलं, तेही स्वतः विश्वचषकाला निघालेल्या स्कॉटलंडला. म्हणजे एका स्पर्धेतल्या तीन सामन्यांसाठी देशानं एक आख्खी लीग आणि एक आफ्रिका चषक मोजला. गोहरींनी ही किंमत मागितली आणि ती मिळवली, हे त्यांचं खरं कर्तृत्व. सैन्यातल्या माणसाला मोहिमेआधी रसद मागायची सवय असते, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यांच्या आधी आणि नंतरही किती प्रशिक्षकांना हे मिळालं? स्मिथना नाही, शहातांना नाही, होसाम हसन यांना तर स्वप्नातही नाही.

आता त्या बदनाम शून्य-शून्यकडे वळू. १२ जूनला पालेर्मोत नेदरलँड्सविरुद्ध १-१. समोर व्हॅन बास्टन, गुलिट, रायकार्ड, कूमन असलेला युरोपचा विजेता संघ. ८३ व्या मिनिटाला मगदी अब्देलघनीनं पेनल्टीवर बरोबरी साधली. १७ जूनला आयर्लंडविरुद्ध ०-०, आणि याच सामन्यानंतर आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्लटन संतापले. इजिप्तनं काय केलं? तेव्हाच्या नियमाप्रमाणे सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत असे. आयर्लंडचा खेळ होता लांब चेंडू मारायचा, मागच्या बचावपटूवर दाब टाकायचा आणि त्याची चूक होण्याची वाट बघायची. हा दाब निष्फळ करण्याचा सोपा मार्ग म्हणजे दाब आला की चेंडू मागे गोलरक्षक शोबेरकडे. शोबेर तो उचलणार, श्वास घेणार, बाजूच्या बचावपटूकडे घरंगळवणार. आयरिश खेळाडू पुन्हा धावत आले की चेंडू पुन्हा मागे. पाहायला कंटाळवाणं, पण दाब टाकणाऱ्याचे पाय थकवणारं आणि नियमात चोख बसणारं. १९९२ मध्ये हा नियम बदलला, त्यामागे १९९० च्या ज्या अनेक सामन्यांचा वाटा होता त्यांत याचा क्रमांक वरचा. एका संघानं नियमाची फट इतकी पुरेपूर वापरली की फटच बुजवावी लागली. हे घाबरटपणाचं लक्षण आहे की अभ्यासाचं?

गुणतक्ता तर याहून बोलका आहे. दोन फेऱ्यांनंतर इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स आणि इजिप्त या चौघांचे प्रत्येकी दोन गुण, प्रत्येकी एक गोल केलेला आणि एकच खाल्लेला. चारही संघ तंतोतंत एका रेषेत. शेवटच्या सामन्यात इंग्लंडशी १-१ झालं असतं तर चौघंही पुन्हा तंतोतंत समान राहिले असते आणि सगळाच निकाल चिठ्ठ्यांवर गेला असता. ०-० झालं असतं तर इजिप्त आणि इंग्लंड यांच्यात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकासाठी चिठ्ठी टाकावी लागली असती, आणि तीन गुणांवर तिसरा आलेला प्रत्येक संघ त्या वर्षी पुढे गेला. (प्रत्यक्षात चिठ्ठी पडलीच, आयर्लंड आणि नेदरलँड्स यांच्यात.) इंग्लंडच्या गॅस्कॉइनच्या फ्री-किकवर शोबेर पुढे आला, चेंडूपर्यंत पोहोचला नाही, मार्क राइटनं डोकं लावलं, आणि इजिप्त एका गोलानं बाहेर पडला. आयर्लंडविरुद्ध जिंकण्याचा धोका पत्करला असता तर? विजयाला तेव्हा दोन गुण होते. इजिप्त तीन गुणांवर गेला असता आणि जवळजवळ नक्की पुढच्या फेरीत. टीकाकारांचा हा मुद्दा बळकट आहे, आणि माझ्या मते गोहरींचा त्या दिवशीचा हिशेब चुकलाच. पण तो हिशेब होता. त्यात ‘देशी’ असं काय होतं?

उलट बघा. २०१७ च्या आफ्रिका चषकात अर्जेंटिनाच्या हेक्टर कूपर यांनी इजिप्तला अंतिम फेरीत नेलं ते ०-०, १-०, १-०, १-० अशा निकालांनी, मग १-१ वर पेनल्टी. तेव्हा ओरड झाली, की हा माणूस आमचा खेळ विसरायला लावतोय. ‘आमचा खेळ’ म्हणजे कोणता? गोहरींच्या संघानं १९९८ चा चषक जिंकताना सहा सामन्यांत एकच गोल खाल्ला, मोरोक्कोविरुद्ध, तोही अगदी शेवटी. उपांत्यपूर्व सामन्यात आयव्हरी कोस्टशी ०-० आणि पेनल्टी. शहातांच्या संघानं २००८ मध्ये सहा सामन्यांत १५ गोल केले, २०१० मध्ये पुन्हा १५. दोघंही देशी, दोघांचे संघ एकमेकांना ओळखणारही नाहीत. गोहरींचा बचाव ‘शहाणपण’ आणि कूपर यांचा बचाव ‘परकी रोगराई’, हा न्याय कोणता?

शहातांच्या यशाचीही खरी हकिकत मैदानाबाहेर सापडते. त्यांच्या संघाचा कणा होता अल-अहलीचा : एसाम अल-हदारी, वाएल गोमा, अबूत्रिका, बरकात, इमाद मोतेब. या सगळ्यांना रोज घोटत होते पोर्तुगालचे मॅन्युएल जोसे, ज्यांनी अल-अहलीला २००१, २००५, २००६ आणि २००८ असा चार वेळा आफ्रिकेचा क्लब विजेता केलं. तीन बचावपटू, त्यांच्या बाजूनं धावणारे दोन खेळाडू, मधून सुटणारा अबूत्रिका, ही वाट त्या मंडळींच्या पायांत मुरलेली होती. शहातांना ती शिकवावी लागली नाही. याला आयत्या पिठावर रेघोट्या म्हणणं अन्यायाचं होईल. मिदोचा प्रसंग आणि २०१० मध्ये गेडोला दर वेळी बाकावरून उतरवून त्याच्याकडून पाच गोल काढणं, अंतिम सामन्यातल्या ८५ व्या मिनिटाच्या गोलासकट, हे शहातांचंच डोकं. पण पीठ परदेशी माणसानं मळलं होतं एवढं तरी बोलायला हवं. शिवाय आफ्रिका चषक तेव्हा जानेवारीत होई. आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, घाना यांचे खेळाडू युरोपातला मोसम अर्ध्यावर टाकून, थकून, निरनिराळ्या क्लबांतून येत. इजिप्तचे बहुतेक खेळाडू देशातच, एकमेकांबरोबर वर्षभर खेळलेले. हाच संघ, हेच शहाता, पण महिने-महिने अंतरानं होणाऱ्या विश्वचषक पात्रता सामन्यांत मात्र दोनदा कमी पडले. १८ नोव्हेंबर २००९ ला ओमदुरमानमध्ये अल्जीरियाकडून ०-१, आणि दोनच महिन्यांनी आफ्रिका चषकात त्याच अल्जीरियाला ४-०. देशी प्रशिक्षक नोव्हेंबरमध्ये कमी देशी होता का?

विदेशी प्रशिक्षक हवा म्हणणाऱ्यांच्याही हातात दोन चांगली पानं आहेत. पहिलं, बाहेरचा माणूस अल-अहली आणि झमालेक यांच्या भाऊबंदकीत अडकत नाही. कुणाला घेतलं, कुणाला वगळलं यावरून त्याच्या घरावर दगड येत नाहीत. हे खरं आहे. मात्र गोहरी हे अल-अहलीचे असून झमालेकला विजेते करणारे, आणि होसाम हसन २००० मध्ये अल-अहली सोडून झमालेककडे गेलेले. सीमा ओलांडणारे देशी लोक इतकेही दुर्मीळ नाहीत. दुसरं पान बॉब ब्रॅडली या अमेरिकी प्रशिक्षकाचं. फेब्रुवारी २०१२ च्या पोर्ट सईद दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसं गेली, लीग बंद पडली, देश उलथापालथीत. अशात ब्रॅडलींनी २०१४ च्या पात्रता गटातले सहाच्या सहा सामने जिंकले. मग ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमासीत घानानं ६-१ असं चिरडलं. इथं माझ्या स्वतःच्या मुद्द्यालाही एक टाचणी लागते. लीग बंद म्हणजे सराव शिबिराला वेळच वेळ, तरी हे का घडलं? कारण गोहरींनी लीग थांबवली तेव्हा तिच्या जागी परदेशी संघांविरुद्धच्या सामन्यांची रांग लावली होती. ब्रॅडलींच्या वेळी लीग थांबली ती संकटानं, आणि अनेक खेळाडूंना आठवड्या-आठवड्याला स्पर्धेचा सामनाच मिळत नव्हता. पाय सरावानं चालतात, पण ७० व्या मिनिटाला ते सामन्यांच्या जोरावर चालतात. नुसता मोकळा वेळ म्हणजे तयारी नव्हे.

आणि विदेशीवाद्यांना एक प्रश्न. गोहरी विदेशी नव्हते का? २००२ मध्ये इजिप्तचं पद सोडून ते जॉर्डनला गेले. २००४ मध्ये जॉर्डन पहिल्यांदाच आशियाई चषकात उतरला आणि गटात दक्षिण कोरियाशी ०-०, कुवेतवर २-०, अमिरातीशी ०-० असा खेळत उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथं चोंगचिंगमध्ये जपानशी १-१. पेनल्टीच्या वेळी जपानचे पहिले दोन्ही खेळाडू पायाखालची माती सरकून चुकले, तेव्हा कर्णधार मियामोतोनं पंचांना गळ घातली आणि पेनल्टी दुसऱ्या बाजूच्या गोलवर घ्यायचं ठरलं. जपान ४-३ नं सुटला. मध्येच बाजू बदलणं जॉर्डनवर अन्याय करणारं होतं यात मला शंका नाही, पण ते असो. चार सामन्यांत खेळाच्या ओघात एक गोल खाल्लेला हा संघ अगदी गोहरींच्या साच्यातला होता. इजिप्तमध्ये जे ‘मातीतलं’ म्हणून मिरवलं गेलं ते अम्मानमध्ये परक्या माणसानं आणलेलं तंत्र होतं. मग ते नेमकं कशामुळे चाललं, मातीमुळे की परकेपणामुळे? जॉर्डननं त्यांना जवळपास पाच वर्षं सलग ठेवलं. इजिप्तनं इतका वेळ एका दमात त्यांना कधीच दिला नव्हता.

देशी प्रशिक्षकाचं कौतुक करणारा महासंघ त्याच्याशी कसा वागतो, याचीही नोंद हवी. विश्वचषकात युरोपच्या विजेत्यांना रोखून चार महिने झाले नाहीत तोच ऑक्टोबर १९९० मध्ये ग्रीसविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना ६-१ असा गेला, आणि गोहरींना काढलं. १९९८ ला आफ्रिका चषक जिंकून, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी तो जिंकणारा पहिला माणूस ठरून, दीड वर्षात मेक्सिको सिटीत सौदी अरेबियाकडून ५-१, पुन्हा काढलं. २०२२ मध्ये एहाब गलाल यांना मिळाले तीन सामने. या घाईमागे भावना असतील, पण व्यवहारही आहे. विदेशी प्रशिक्षकाचा करार डॉलरमध्ये किंवा युरोत असतो, मुदतीआधी काढलं तर भरपाई द्यावी लागते आणि वाद फिफापर्यंत जाऊ शकतो. देशी माणसाचं मानधन इजिप्शियन पौंडात, आणि तो न्यायालयापेक्षा टीव्हीवर जास्त बोलतो. मार्च २०२४ मध्ये पौंडाचं मोठं अवमूल्यन झालं, त्याच्या महिनाभर आधी रुई व्हिटोरिया या पोर्तुगीज प्रशिक्षकाला काढून होसाम हसन यांची नेमणूक झाली होती. डॉलरच्या टंचाईत देशी माणूस स्वस्त पडतो. स्वस्त म्हणून नेमलेला माणूस काढायलाही स्वस्तच पडतो.

आता आजचा हिशेब मांडू. २०२५ च्या वेळापत्रकात राष्ट्रीय संघांसाठी वर्षात पाच खिडक्या (क्लबांनी खेळाडू सोडायचे दिवस) होत्या, प्रत्येक साधारण नऊ दिवसांची. मँचेस्टर किंवा लिव्हरपूलचा खेळाडू रविवारी क्लबचा सामना खेळतो, सोमवारी विमानात, मंगळवारी पाय मोकळे करणं, बुधवार-गुरुवार सराव, शुक्रवारी सामना. शनिवारी प्रवास किंवा विश्रांती, रविवारी हलकं काम, सोमवारी एक सराव, मंगळवारी दुसरा सामना, बुधवारी परत. म्हणजे एका खिडकीत पुऱ्या जोमानं करता येणारे सराव तीन. वर्षाचे पंधरा. पंधरा सरावांत काय शिकवता येतं? समोरच्या अर्ध्यात जाऊन चेंडू हिसकावणारा खेळ बसवायचा तर पहिला कुणी धावायचं, कोणत्या पासवर धावायचं, त्याच्या मागची जागा कुणी भरायची हे अकरा जणांना एकाच क्षणी कळायला हवं. एक जण उशिरा निघाला की मध्ये वीस मीटरची दरी पडते आणि प्रतिस्पर्धी त्यातून सरळ गोलपर्यंत जातो. याउलट आपल्याच पेनल्टी क्षेत्रासमोर दोन ओळी करून उभं राहिलं की अंतरं आपोआप ठरतात, गोलखांब हीच खूण. हे आठवड्यात बसतं. मग चेंडू मिळाला की सलाह किंवा ओमर मारमूशकडे लांब. कूपर हेच खेळले, पोर्तुगालचे कार्लोस केइरोश हेच खेळले, होसाम हसनही मोठ्या संघांविरुद्ध हेच खेळतात. तीन देश, तीन स्वभाव, एकच खेळ. तो पासपोर्टातून येत नाही, पंधरा या आकड्यातून येतो.

या मोजपट्टीवर होसाम हसन यांच्याबद्दल काय म्हणायचं? २०२६ च्या पात्रता फेरीत इजिप्तनं दहा सामन्यांत आठ जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, २० गोल केले आणि फक्त दोन खाल्ले. पहिले दोन सामने व्हिटोरियांचे हे खरं, आणि गटात बुर्किना फासो सोडला तर दचकावं असं कुणी नव्हतं हेही खरं. तरी प्रवासाच्या, धूळभरल्या, बाराव्या मिनिटाला फसणाऱ्या अशा सामन्यांतच तर पूर्वीचे संघ घसरायचे. आफ्रिका चषकासाठी फिफानं क्लबांना खेळाडू सोडण्याची तारीख १५ डिसेंबर ठरवली. इजिप्तचा पहिला सामना २२ डिसेंबरला. झिंबाब्वेनं २० व्या मिनिटाला गोल केला, मारमूशनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत सलाहनं सामना काढून दिला. सात दिवसांत जमलेला संघ आणखी कसा दिसणार? पुढं आयव्हरी कोस्टला, गतविजेत्यांना, ३-२ हरवलं ते कौतुकाचं. सेनेगलविरुद्ध मात्र संघ इतका मागे दबून राहिला की सलाहला चेंडू मिळाला तेव्हा त्याच्या आसपास पळायला कुणी नव्हतं. बचावाच्या दोन ओळी ठीक, पण सुटकेची वाट बसवायलाही एखादा सराव राखून ठेवावा लागतो. ही चूक त्यांची. तिच्यावर टीका करायची तर अशी करावी. ‘मोठा खेळाडू, छोटा प्रशिक्षक’ असं म्हणून चुकीचं नाव तरी कळतं का?

त्याच डिसेंबरमध्ये कतारला अरब चषक होता. इजिप्तनं तिथं दुसऱ्या फळीचा संघ वेगळ्या प्रशिक्षकाबरोबर पाठवला, तो कुवेत आणि अमिरातीशी १-१ खेळला, जॉर्डनकडून ०-३ हरला आणि गटातच बाहेर पडला. १९९० ची आठवण यावी अशी गोष्ट, एका फरकासह. तेव्हा दुसरा संघ अल्जीरियात हरत होता, त्या काळात पहिला संघ गोहरींच्या हाताखाली घडत होता. या वेळी दुसरा संघ हरत होता तेव्हा पहिल्या संघातले युरोपवाले अजून आपापल्या क्लबांत होते. किंमत मोजली, माल आलाच नाही. त्या तीन आठवड्यांत अल-अहली आणि पिरॅमिड्स या क्लबांच्या बचावपटूंना, जे बहुतेक देशातच असतात, होसाम हसन यांच्याकडे सोपवलं असतं तर निदान मागची ओळ तरी एकत्र घडली असती. लीगच्या तारखा कोण ठरवतं, क्लबांना खेळाडू लवकर सोडायला कोण भाग पाडतं, त्याची भरपाई कोण देतं? या प्रश्नांची उत्तरं प्रशिक्षकाच्या बाकावर मिळत नाहीत, महासंघाच्या कचेरीत मिळतात. आणि तिथल्या लोकांना देशी-विदेशीचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला तर काहीच अडचण नाही.